मधली गेल्यावर

९ जानेवारी, बुधवार

मधलीचा भाऊ आला आणि तिची खोली रिकामी करून गेला. एका दुपारीत आटोपलं! कपडे, चपला, औषधांचा डबा, आरसा. पलंग मालकीणबाईंचा, तो तेवढा राहिला. जाताना दारात घुटमळला. माणूस चांगला आहे बिचारा, डोळे सुजलेले. म्हणाला, "तुम्ही दोघी तिच्या… म्हणजे नक्की कोण?" वर्गात मी नात्यांवर महिनाभर बोलू शकते. तोंडातून काय निघालं? — "आम्ही एकत्र राहायचो." जणू एका बाकावर बसून बसची वाट बघत होतो!

मधली गेली ती कामावरच. पाणीपुरवठा कचेरीच्या तक्रार खिडकीवर, बसल्या बसल्या. समोरचा माणूस नळाला पाणी नाही म्हणून तावातावाने बोलत होता. त्याला वाटलं बाई मान खाली घालून ऐकून घेताहेत. तो बोलतच राहिला. डॉक्टर म्हणाले मेंदूत रक्तस्राव.

भाऊ गेल्यावर आम्ही दोघी बैठकीच्या खोलीत उभ्या. दंतकथा म्हणाली, "मॅडम, चहा करू का?" मी म्हटलं, "नको, तुम्ही दमला असाल." ती म्हणाली, "तुम्हीपण दमला असाल." मग चहा कोणीच केला नाही.

दंतकथा म्हणजे आमच्यातली तिसरी. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या तयार करते. नाव मधलीनेच पाडलेलं. मधलीची खोली आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये, म्हणून ती मधली. आणि मी 'तास'. काहीही विचारलं तरी मी तास घेते म्हणून! कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, त्याला मी तरी काय करू?

चौदा वर्षं झाली या घराला. आता दोघीच.

१२ जानेवारी

कॉलेजच्या कार्यालयात रजेचा अर्ज दिला. कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "मयत व्यक्तीशी नातं?" मी म्हटलं, मैत्रीण. "मैत्रिणीची रजा नसते हो मॅडम. किरकोळ टाका."

टाकली. किरकोळ.

१३ जानेवारी, रविवार

सकाळी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. मी खोलीतच बसून राहिले, तिचं आटपू दे म्हणून. आवाज थांबला, मी बाहेर आले. बघते तर ती दाराआड उभी — मी येऊन जाईन म्हणून थांबलेली! दोघी एकदमच म्हणालो, "तुमचं होऊ द्या."

लिहिताना आत्ता लक्षात येतंय. चौदा वर्षं एका छताखाली, आणि आम्ही एकमेकींना अजून अहो-जाहो करतो. मधलीला दोघीही अगं-तुगं. मधली तर मालकीणबाईंनासुद्धा तोंडावर "ए आजी" म्हणायची आणि वर भाडं वाढू द्यायची नाही. आमचं दोघींचं जे काही बोलणं व्हायचं ते तिच्यामार्फत. "तिला सांग गीझर चालू राहिलाय." "तिला विचार रविवारी आहे का घरी." जेवताना समोरासमोर बसूनसुद्धा मी मधलीकडे बघून म्हणायचे, "तिला भाजी हवी का बघ." आणि मधली हातातला घास खाली ठेवून मान वळवायची — "काय गं, भाजी हवी का?" तीन फुटांचं टेबल!

तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. घर असंच चालतं असं वाटायचं. छान चालायचं.

१६ जानेवारी

द्वितीय वर्षाला आज 'दोघांचा गट आणि तिघांचा गट'. अभ्यासक्रम थांबत नाही. फळ्यावर नेहमीसारखे दोन ठिपके, मध्ये एक रेघ. मग तीन ठिपके, त्रिकोण. दोघांच्या गटाला फक्त त्या दोघांचाच आधार. एकाने हात सोडला की गट संपला. तिसरा आला की सगळं बदलतं. तो भांडणं मिटवतो, निरोप नेतो, बाजू घेतो, कधी दोघांच्या भांडणात आपली पोळी भाजून घेतो. एरवी मी इथे दोन विनोद करते. आज केले नाहीत.

मागून एकीने विचारलं, "मॅडम, तिसरा निघून गेला तर परत दोघांचा गट होतो ना? आधीसारखा?"

"हो," म्हटलं. पुस्तकात होतो.

पण आमच्यात 'आधी' कुठे होतं? मला मधलीने आणलं. दंतकथेलाही मधलीनेच आणलं. मी फळ्यावरचा तिसरा ठिपका पुसायला गेले. एकच पुसायचा होता, हाताबरोबर सगळंच पुसलं गेलं.

१९ जानेवारी

आज ती माझ्याशी एवढंच बोलली — "गॅस संपलाय." मी म्हटलं, "बरं."

२४ जानेवारी

धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, ये ना आमच्याकडे थोडे दिवस." मागून तिच्या नवऱ्याचा आवाज — "कोण येतंय?" मी म्हटलं, परीक्षा जवळ आल्यात.

घरात एक विचित्र झालंय. मधली खोली भरलेली होती तोवर पलीकडचं बारीकसारीक काही ऐकू यायचं नाही. आता दंतकथा खोकली की तो खोकला रिकाम्या खोलीत शिरतो, तिथे मोठा होतो आणि मग माझ्याकडे येतो. उठून विचारावंसं वाटतं — औषध घेतलंत का? पण कसं विचारायचं? कधी विचारलंच नाही. आता विचारलं तर वाटेल, हिला आजच बरा पुळका आला!

तरी मी माझ्या परीने करते. सकाळचं वाचन चालू ठेवलंय. तासाची तयारी मी मोठ्याने वाचून करते, पहिल्यापासून. दंतकथेला माझा आवाज फार आवडतो. मधली सांगायची, "ती म्हणते, तासचा आवाज कसा खणखणीत! ऐकत राहावंसं वाटतं." म्हणून हल्ली जरा जास्तच वेळ वाचते, खोलीचं दार उघडं ठेवून. बोलता येत नाही तर निदान एवढं.

तिचंही चालू आहे — तेच! जेवणाच्या टेबलावर कवळ्या. कामावरून घरी आणते, घासायला, चकाकी द्यायला. प्लॅस्टरचे जबडे पावाच्या शेजारी ओळीने मांडलेले. मी कडेला तोंड करून जेवते. चौदा वर्षं शिसारी येते मला त्यांची. मधलीला मी कितीदा म्हटलं, तिला सांग गं बाई! मधली म्हणायची, "सांगते, सांगते." सांगितलं असणारच. पण दंतकथा हट्टी आहे, दुसरं काय!

३ फेब्रुवारी, रविवार

काल स्टाफरूममध्ये इतिहासवाल्या बाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, तुम्हाला निदान सोबत तरी आहे. एकटं राहणं वाईट."

हसले. काय सांगणार? एकटं राहणं एक वेळ परवडलं. एकट्या माणसाला घरात मोकळं रडता तरी येतं. इथे रडू आलं की मी नळ सोडते. पलीकडून तिचाही नळ सुटलेला ऐकू येतो कधी कधी. पाण्याचं बिल येईल दणदणीत!

१० फेब्रुवारी, रविवार

आज वाढदिवस. पंचावन्न.

सकाळपासून वाट बघत होते, स्वतःशीच लाजत. दरवर्षी दंतकथा मला पेन द्यायची. स्वतः द्यायची नाही. मधली आणून द्यायची माझ्या खोलीत, "घे, तिनं दिलंय. लाजते ती." छान, जाड टाकाचं पेन, मला आवडतं तसंच. मला दर वेळी वाटायचं — तोंडाने काही बोलत नाही, पण बारीक लक्ष आहे हिचं. त्याच पेनांपैकी एकाने हे लिहितेय.

दुपार झाली. काही नाही. संध्याकाळ झाली. ती टेबलाशी बसून कुणाचा तरी वरचा जबडा घासत होती. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "यंदा पेन नाही वाटतं."

"कसलं पेन?"

"दरवर्षी देता ते."

तिने घासणं थांबवलं. "मी? मॅडम, मी तुम्हाला कधी पेन दिलं?"

मला वाटलं चेष्टा करतेय. तिच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. ती खरंच आठवत होती, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाली, "तुमचा वाढदिवस आज असतो?"

मी खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

११ फेब्रुवारी

कॉलेजला निघताना चपला घालत होते, तर दंतकथा मागे येऊन उभी. हातात हातरुमालांची चळत. घडी न मोडलेले, कडेला बारीक विणकाम केलेले. म्हणाली, "हे तुम्ही नव्हते दिले?"

"नाही."

"एकही?"

"नाही हो."

"वापरले नाहीत मी," ती म्हणाली. "जपून ठेवले होते. म्हटलं मॅडमनी दिलेत."

मला बस पकडायची होती. पकडली.

१७ फेब्रुवारी

आठवडाभर डोक्यात तेच. मागचं एकेक काढून बघतेय, पेटीतले कपडे कसर लागलीय का बघावं तसं.

माझं ऑपरेशन झालं तेव्हा दंतकथेने आपली सुट्टी रद्द केली — असं मधली म्हणाली होती. खरं? मी बढती मिळून विभागप्रमुख झाले तेव्हा ती खोलीत बसून रडली आनंदाने — असं मधली म्हणाली होती. खरं? 'ती म्हणते, तास आहे म्हणून घराला वजन आहे' — हे वाक्य मी किती वर्षं उशाशी घेऊन झोपलेय!

विचारायची हिंमत नाही. विचारलं आणि तिने परत तशाच आठ्या घातल्या तर?

मी शिकवते की संदेश पाठवणारा एक असतो, घेणारा एक असतो, आणि मध्ये माध्यम असतं. माध्यमाने संदेशात थोडीफार भर पडते, थोडीफार गळती होते. थोडीफार! इथे पाठवणारीच नव्हती. माध्यमच एकटं बसून दोन्हीकडची पत्रं लिहीत होतं.

मग मी कुणाबरोबर राहिले इतकी वर्षं? जी बाई मला आवडायची ती मधलीच्या तोंडातली. भिंतीपलीकडे खोकते ती बाई मला माहीतच नाही.

आणि मधलीचा राग येतोय. मेलेल्या माणसाचा राग! कुणापुढे बोलायची सोय नाही.

२१ फेब्रुवारी

प्राचार्यांनी बोलावलं. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर सोडून चालल्या आहेत. "मॅडम, तुम्ही एकट्याच आहात, तुम्हाला सोयीचं पडेल. दोन खोल्या, स्वतंत्र स्वयंपाकघर." एकट्याच. किती पटकन म्हणाले. विचार करून सांगते म्हटलं.

२८ फेब्रुवारी

हो म्हणून आले. एप्रिलपासून. खाली मालकीणबाई भेटल्या, त्यांच्या कानावर घातलं. दंतकथेला सांगायचंय. उद्या सांगते.

१ मार्च

उद्या.

३ मार्च, रविवार

काय दिवस!

सकाळी मी नेहमीसारखी मोठ्याने वाचत होते. उघड्या दारात दंतकथा येऊन उभी राहिली. चेहरा लालबुंद. "मालकीणबाई मला विचारतात, तुमच्या मॅडम जाणार, मग दोन्ही खोल्यांना माणसं बघू का? मला! मी म्हटलं, कुठे जाणार? त्यांना माझी कीव आली, मॅडम! कीव! एका घरात राहून मला खालच्या मजल्यावरून कळतं?"

मी म्हटलं, "सांगणार होते."

"कुणामार्फत?"

झोंबलं. मी म्हटलं, "तुम्हाला काय फरक पडतो? तुम्ही कधी माझ्याशी धड दोन शब्द बोललात का?"

"आणि तू?" ती ओरडली. "तू बोललीस? चौदा वर्षं मान वर करून फिरतेस घरात! मला अडाणी समजतेस तू!"

तू! थोबाडीत बसावी तसं झालं. आणि मग माझाही बांध फुटला. म्हटलं, "अडाणी नाही, घाणेरडी समजते! जेवणाच्या टेबलावर लोकांचे दात मांडून ठेवतेस! चौदा वर्षं माझ्या घशाखाली घास उतरत नाही!"

ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "तुलाच बघायला आवडतं ना?"

"काय?"

"माझं काम. मधली म्हणायची — तासला तुझी कारागिरी बघायला फार आवडतं, सांगायला लाजते, तू घरी आणत जा. म्हणून मी आणते. दोन बसेस बदलून, साचे मांडीवर सांभाळत. तिथे कामाला मशीन आहे गं. इथे हाताने घासते. तुला दिसावं म्हणून."

मला खाली बसावंच लागलं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आणि माझा आवाज? तुला माझा आवाज आवडतो ना? ऐकत राहावासा वाटतो ना?"

दंतकथेने माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या कानात बोट घातलं आणि कापसाचा बोळा बाहेर काढला. मग दुसऱ्या कानातला.

"मी तिला दर आठवड्याला सांगायचे," ती म्हणाली, "त्या बाईला म्हणावं सकाळी सकाळी ओरडू नकोस, माझं डोकं उठतं!"

आधी कोण हसलं माहीत नाही. बहुतेक मीच. हसता हसता ती भिंतीला टेकून खाली बसली. मधूनच एक म्हणायची "मशीन आहे गं तिथे!" की परत सुरू. आणि मग ते हसणं कधी वळलं कळलं नाही. दोघी रडत होतो, फरशीवर, समोरासमोर. नळ सोडायला कुणी उठलं नाही.

नंतर बराच वेळ एकमेकींच्या तक्रारी सांगितल्या. जुन्या, साठलेल्या, शिळ्या. मी चहाचा घोट घेताना आवाज करते. ती दारं आपटते. मी बेसिनमध्ये केस सोडते. ती फोनवर किंचाळते. मी प्रत्येक वाक्याच्या शेवटी "लक्षात आलं का?" म्हणते. खरंच म्हणते?

"आत्ताच म्हणालीस," ती म्हणाली.

४ मार्च

घसा बसलाय. वर्गात आज पोरीच बोलल्या, मी ऐकलं. बरं वाटलं.

१० मार्च, रविवार

परवा प्राचार्यांना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, घरी अडचण होईल. "घरी कोण आहे?" मी म्हटलं, आहे एक बाई, भांडकुदळ.

आमचा एकच नियम ठरलाय : जे असेल ते तोंडावर, आणि खरं. चांगलं असो, वाईट असो. निरोप नाहीत, गुळाचा लेप नाही. दंतकथा म्हणाली, "आता आपल्याला खोटं सांगणारं कुणी उरलं नाही. तेवढ्यासाठी तरी जपून राहू."

टेबल मोकळं झालंय. मी सकाळी मनातल्या मनात वाचते. गंमत अशी की आता घर फारच गप्प वाटतं! काल तीच म्हणाली, "वाच हवं तर. पण बसून वाच आणि हळू. सभा असल्यासारखी नको."

तिला मी 'दंतकथा' म्हणते हेही सांगून टाकलं. तिला माहीत होतं. मधलीने सांगितलं होतं, पण "तास तुला प्रेमाने दंतकथा म्हणते" असं. मी म्हटलं, प्रेमाने नव्हतं. ती म्हणाली, "ते माझ्या लक्षात आलं होतं. पण ऐकायला बरं वाटायचं."

जमतंय असं लिहायला भीती वाटते. जमतंय.

१७ मार्च

तिला ताप. मी औषध दिलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. झोपेत माझा हात धरला आणि जाग आल्यावर म्हणाली, "तुझे हात बर्फासारखे आहेत, काढ." नियम म्हणजे नियम!

२४ मार्च, रविवार

आज मालकीणबाई मधल्या खोलीसाठी विचारायला आल्या होत्या. दोघी एकदमच म्हणालो, "नको." भाडं जास्त भरावं लागेल, भरू.

मग त्या खोलीत जाऊन बसलो, नुसत्या पलंगावर, भिंतीला पाठ लावून. मधलीबद्दल बोलत होतो. राग माझा संपलाय. दंतकथेचा कधी नव्हताच. ती म्हणाली, "बघ ना, किती जीव होता तिचा आपल्यावर. नाहीतर एवढा उपद्व्याप कोण करेल?"

मी म्हटलं, "तिला काय आवडायचं गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिला स्वतःला. रंग. गाणं. खायला. काहीही."

दंतकथा विचार करत राहिली. मीही. पेनं आणि हातरुमाल शोधत ती कोणकोणत्या दुकानांत हिंडली असेल, ते डोळ्यांसमोर येत होतं. पण तिने स्वतःसाठी एखादी वस्तू आणून "बघा कशी आहे" म्हटलेलं काही केल्या आठवेना. ती तक्रार घेऊन माझ्या खोलीत कधी आली? कधी नाही. मीच तिच्या खोलीत जायचे. दंतकथाही जायची. कधी कधी मी बाहेर पडायचे तर दंतकथा दारात उभी असायची, तिचा नंबर लागल्यासारखी.

शेवटी दंतकथा म्हणाली, "तिला आपण दोघी आवडायचो."

मला ते पटलं. दोघींच्या मध्ये कुणी नव्हतं, तरी वाटलं, आहे.

२९ मार्च, शुक्रवार

मधलीच्या कचेरीतून फोन होता, तिचा खण रिकामा करून न्या म्हणून. दंतकथेला सुट्टी मिळाली नाही, मी एकटीच गेले. खणात छत्री, कंगवा, बिस्किटांचा अर्धा पुडा. शेजारच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंनी मला खुर्ची दिली. मी म्हटलं, "आमच्या घरात तिचा फार जीव होता."

त्या म्हणाल्या, "कचेरी सुटली तरी ती जायची नाही हो. खिडकी लावून आत बसून राहायची, शिपाई कुलूप घेऊन येईपर्यंत. मी एकदा म्हटलं, अगं घरी जा. तर म्हणाली — ही खिडकी पाचला लागते तरी. घरी दोन आहेत, त्या लागतच नाहीत."

घरी आले. दंतकथा चहा टाकून वाट बघत होती. "काय म्हणत होत्या तिथल्या बाई?"

मी छत्री कोपऱ्यात उभी केली. चपला नीट लावल्या.

"म्हणत होत्या," मी म्हटलं, "पाच वाजले की तिला घरची ओढ लागायची."

दंतकथेने डोळे पुसले. "वाटलंच होतं मला," ती म्हणाली.